चेहरा आहे, नाव कुणाचे?

घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चित्रकाराची सही आहे का, हे आम्ही कधी पाहिले नाही. वाचक बंधू-भगिनींनीही पाहिले नसेल. तसबिरीतला माणूस ठाऊक आहे, तेवढे आपल्याला पुरते. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या मेनिल संग्रहात याच्या अगदी उलट एक चित्र आहे. चित्रकार ठाऊक आहे, इंग्लंडचे सर जोशुआ रेनॉल्ड्स. चित्रातला माणूस कोण, यावर मात्र वाद आहे.

चित्र १७७० च्या सुमाराचे आणि अर्धवट राहिलेले. एका काळ्या तरुणाचा चेहरा मन लावून रंगवला आहे, मागे ढगाळ आकाश. अंगरखा मात्र कुंचल्याचे फटकारे मारून तसाच सोडून दिलेला. त्या काळच्या विलायती चित्रांत काळा माणूस दिसे तो बहुधा मालकाच्या बाजूला, सेवेला उभा. इथे तो एकटाच आहे, आणि त्याची नजर दूर कुठेतरी लागली आहे.

पुष्कळजण म्हणतात, हा फ्रान्सिस बार्बर. जमैकात गुलामीत जन्मला, १७५० साली इंग्लंडला आणला गेला. १७५२ मध्ये तो कोशकार डॉ. जॉन्सन यांच्या लंडनमधल्या गॉफ स्क्वेअरच्या घरी नोकरीस लागला. (बाबासाहेब बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन तिथून पायी जाण्याच्या अंतरावर.) जॉन्सन यांनी त्याला शाळेत घातले. १७८४ मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रात वर्षाला ७० पौंड आणि उरलेली मालमत्ता बार्बरसाठी ठेवलेली निघाली. त्यांच्या काही प्रतिष्ठित स्नेह्यांना ते रुचले नाही! पुढे बार्बरने स्वतः शाळा चालवली. रेनॉल्ड्स हे जॉन्सन यांचे जिवलग मित्र, म्हणून बार्बरचे नाव पटते. गॉफ स्क्वेअरच्या घराचे आज संग्रहालय झाले आहे, तिथेही या चित्राची नक्कल लावलेली आहे.

शंका घेणारे म्हणतात, रेनॉल्ड्स यांच्या स्वतःच्या घरीही एक काळा नोकर होता. समोर बसवायला तोच हाताशी. ही शंका आम्हाला झटकून टाकण्यासारखी वाटत नाही. बार्बरची हकीकत लिहून राहिली, कारण त्याचा मालक लिहिणारा होता. त्या दुसऱ्याची फारशी कुणी लिहिली नाही. चेहरा त्याचा असेल, तर बार्बरचे नाव लावून आपण त्याच्याकडे होते नव्हते तेही काढून घेऊ. म्हणून पाटीवर ‘बहुधा’ हा शब्द असावा, असे आमचे मत आहे. उद्या एखादी जुनी हिशेबाची वही निघाली, तर दुसरे नाव लिहायला जागा राहील.