पातळ कातडीची पोरगी

ऑफिसात टिकायचं तर गेंड्याची कातडी हवी, असं आमचा टीम लीडर दर अप्रेझलला ऐकवतो. ठीक आहे बॉस, कमावतेय हळूहळू! पण घरी सध्या एक अशी आहे, जिची कातडी नेमकी याच्या उलट. बाभळीच्या एका काट्याने टर्रकन फाटेल इतकी पातळ. रंग ज्वारीच्या भाकरीचा, म्हणून नाव भाकरी. जात कारवानी.

कारवानी म्हणजे आपल्या मातीतला ग्रेहाउंडच म्हणा ना. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली या पट्ट्यात वाड्या-वस्त्यांवर दिसणारा, लांब तोंडाचा, खोल छातीचा, पोट पाठीला लागलेला कुत्रा. याच्या जिवावर पूर्वी सशाची शिकार चालायची. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती बंद केली (कागदावर तरी). मग ‘काय रुबाब आहे!’ म्हणत शहरात पिल्लू आणणारे आले आणि ‘फार धावतो हो’ म्हणत सोडून देणारेही आले. भाकरी त्यातलीच. हायवेवरच्या एका ढाब्यामागे सापडली आणि रेस्क्यूवाल्यांकडून माझ्या वन बीएचकेत पोचली. मांड्या उघड्या, डोळ्यांभोवती टक्कल, पाठीवर कोंडा आणि कोपरांवर काळे घट्टे अशा अवतारात.

आता माझा पराक्रम ऐका. पहिल्या आठवड्यात मी तिला तीनदा आंघोळ घातली. तीही माझ्याच अँटि-डँड्रफ शॅम्पूने. वर शेवटच्या बादलीत झाकणभर अँटिसेप्टिक. स्वच्छता म्हणजे प्रेम, हा आपल्याकडचा घरगुती फंडा! आठव्या दिवशी पोट लालबुंद, कोंडा दुप्पट, आणि बाथरूमच्या दिव्याचं बटण ‘टक्’ वाजलं की भाकरी थेट टेबलाखाली.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘बी विंगमधल्या खरूज झालेल्या कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नये.’ दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, “ताई, ते बरं होईस्तोवर मी नाय येणार. माझ्या घरी नातू लहान आहे.” ग्रुपवरच्यांचा राग आला. मावशींचा नाही आला, कारण त्यांचं काय चुकलं? त्या रात्री रेस्क्यूवाल्यांचा नंबर मी दोनदा उघडला. ‘नाही जमत मला’ एवढं टाइप केलं आणि तसंच ठेवून झोपले.

सकाळी मात्र डॉक्टरांकडे गेले, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्यांनी ब्लेडने त्वचा हलकेच खरवडली, काचेवर घेतली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. मग मलाही बघायला लावलं. सिगारसारखे लांबुडके, बारीक पायांचे किडे! डेमोडेक्स.

आपण सरसकट ज्याला खरूज म्हणतो, त्यात मुख्यतः दोन वेगळे किडे असतात. एक सार्कोप्टिस. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पटकन जातो, माणसालाही खाज आणतो. दुसरा हा डेमोडेक्स. तो केसांच्या मुळाशी थोड्याफार प्रमाणात बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर असतोच, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून आलेला. उपासमार, आजारपण यांनी अंगातली ताकद गेली की त्याचं फावतं. कुत्र्याचा हा किडा माणसाला होत नाही. म्हणजे मावशींचा नातू सेफ, लिफ्टही सेफ! मी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. सोबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनाही जोडल्या. पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. ग्रुपवर एकदम शांतता. एक अंगठा आला फक्त.

उपचार म्हणजे डॉक्टरांनी वजन करून दिलेल्या गोळ्या आणि भरपूर धीर. अंग बरं दिसलं म्हणून औषध थांबवायचं नाही; खरवडून केलेली तपासणी पुन्हा पुन्हा स्वच्छ यावी लागते. आणि प्लीज, रॉकेल, फिनेल, गाडीचं जळकं ऑइल हे असलं काही नको. मला तिन्ही सल्ले मिळाले, तेही शिकल्या-सवरलेल्यांकडून. पातळ कातडीतून ते आत उतरतं, उरलेलं कुत्रा चाटतो.

आंघोळीचं माझं काय चुकलं तेही कळलं. आपली त्वचा आम्लाकडे झुकणारी, कुत्र्याची त्यामानाने न्यूट्रल. त्यामुळे आपला शॅम्पू त्यांना झोंबतो आणि त्वचेचं तेल ओढून घेतो. त्यात या हाउंड मंडळींची लव तोकडी, कातडीखाली चरबी जेमतेम. आता डॉक्टरांनी लिहून दिलेला शॅम्पू, तोही त्यांनी सांगितलेल्या दिवशीच. पाणी कोमट, फरशीवर रबरी मॅट. अंग बरं झाल्यावर महिना-दीड महिन्यातून एक आंघोळ पुष्कळ झाली. मधल्या काळात ओलं फडकं आणि रबरी दाण्यांचा ग्लव्ह. दात असलेले तारेचे ब्रश लॅब्रेडॉरवाल्यांना लखलाभ, इथे ते ओरखडे काढतात.

खरं काम हाताचं आहे. रोज रात्री पाच मिनिटं, टीव्ही बघता बघता चालेल. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, पट्ट्याखाली हात फिरवायचा. हाताला बारीक दाणा लागला की बघायचं, पुटकुळी आहे की गोचीड. गोचीड नखाने चिरडायची नाही. चिमट्याने कातडीला लागून पकडायची आणि सरळ ओढायची. हिच्यामार्फत येणारा ताप जीवघेणा ठरू शकतो. कुत्रा जेवेना, मरगळला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर वीकेंडची वाट बघू नका. शिवाय ही गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्यावर नसतेच. भिंतीच्या फटीत, अंथरुणात असते. म्हणजे झाडू आणि गरम पाणी दोन्ही पाहिजे.

घट्टे का पडतात? हाडं वर आलेली आणि आपल्या फरशा गुळगुळीत, कडक. महागडा डॉग बेड घेण्याआधी आजीची जुनी गोधडी चौपदरी घालून बघा. भाकरीने माझं ऑनलाइन मागवलेलं बेड नाकारलं आणि गोधडी ताब्यात घेतली. पट्टा रुंद आणि मऊ हवा. यांचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं, त्यामुळे अरुंद पट्टा एकतर निसटतो नाहीतर मानेचे केस घासून काढतो.

झुडपातून पळताना कातडी फाटलीच, तर हळद भरत बसू नका. सलाइनने धुवा, स्वच्छ कापड बांधा, टाके घालायला न्या. आणि भूल देण्याआधी डॉक्टरांना ‘हाउंड आहे’ हे मुद्दाम सांगा. ग्रेहाउंडच्या कुळातल्या कुत्र्यांच्या अंगातून भुलीची काही औषधं उतरायला फार वेळ लागतो.

तीन महिन्यांत डोळ्यांभोवती लव आली, पाठ तुकतुकीत झाली. मांड्या मात्र अजून उघड्याच! आयर्लंड, ऑस्ट्रेलियात रेसमधून रिटायर झालेले ग्रेहाउंड लोक घरी आणतात, त्यांच्यात हे इतकं कॉमन आहे की त्याला ‘बॉल्ड थाय’ असं नावच पडलंय. बऱ्याच जणांना त्याने काही होत नाही. भाकरीच्या तपासण्या नीट आल्यात, तेव्हा बघू.

मावशी परत आल्या. पहिल्या दिवशी लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी फासळ्यांकडे बोट दाखवून मलाच झापलं, “हिला खायला घालता की नाही?” मागच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हे यांच्या अंगकाठीत बसतं, हे मी अजून त्यांना पटवू शकलेले नाही. त्या येताना डब्यात चतकोर भाकरी आणतात.

रात्री ग्लव्ह हातात चढवला की ही बया गोधडीवर आडवी होते. एक बाजू झाली की स्वतःच कूस बदलते. बाथरूमचं बटण वाजलं तर मात्र अजून टेबलाखाली जाते.