बिडी सुटावी म्हणून ओरडा नको, उपचार हवा

वर्षावासात अंबडच्या वस्त्यांतल्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. त्रिसरण-पंचशील होते, वाचन होते, आणि सरणत्तय झाले की काही जण बाहेर कट्ट्यावर येऊन बिडी पेटवतात. कोणी टोकले तर उत्तर ठरलेले असते, "पाचव्या शीलात दारू आहे, बिडी कुठे आहे?"

हे उत्तर आम्हाला पटत नाही. पाचवे शील मद्याबरोबर प्रमादापासूनही दूर राहायला सांगते. जिच्यावाचून सकाळी पोटही साफ होत नाही असे माणूस सांगतो, ती वस्तू मालक झाली आणि माणूस तिचा गुलाम. गुलामीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या बाबासाहेबांच्या लेकरांनी ही गुलामी का सोसावी?

पण टोकणाऱ्याचेही आम्हाला पटत नाही. "मनावर घे, सुटेल" एवढ्याने बहुतेकांची सुटत नाही. निकोटिन धुरातून काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि मेंदूला त्याची सवय लागते. ते थांबले की चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास उतरतो. हा आजार आहे. साखर वाढलेल्या माणसाला आपण मनावर घे म्हणत नाही, दवाखान्यात नेतो.

याही आजाराला उपचार आहे. समुपदेशनात तलब कधी येते, कोणासोबत येते, ती कशी टाळायची हे ठरवले जाते. एकेक तलब थोड्या मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायला शिकवले जाते. औषधांत निकोटिनचा च्युइंगगम आणि पट्टी आहे. गम गुटख्यासारखा सतत चघळायचा नसतो. चव तिखट लागली की गालाशी धरून ठेवायचा, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्याव्यात. फिट येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही. समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळाले तर यश जास्त येते.

औषध महाग पडते, असे म्हणाल. रोज 20 रुपये बिडीवर गेले तरी वर्षाला 7,300 होतात. लेकराच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा खर्च त्यात निघतो. शिवाय निकोटिनचे हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या यादीत आहे. म्हणून सरकारी दवाखान्यात ते मागावे. नसेल तर वस्तीने मिळून लेखी मागणी करावी. ही भीक नाही, हक्क आहे.

आयाबायांना विसरू नका. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के. दात घासायच्या नावाखाली लावलेली मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसले तर लगेच दाखवा. घरात टीबीचा रुग्ण असेल तर गोळ्यांबरोबर त्याची बिडी सुटणेही महत्त्वाचे आहे.

आमची सूचना साधी आहे. औषधाचा कोर्स साधारण आठ ते बारा आठवड्यांचा असतो, आणि वर्षावास तीन महिन्यांचा. आषाढी पौर्णिमा हा सोडण्याचा दिवस ठरवावा. तोवर डॉक्टरांना भेटून घ्यावे. विहारात आपण रोज जमतोच, तिथे सोडणाऱ्याची विचारपूस व्हावी. उपासक-उपासिकांपैकी एकाने त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत समुपदेशन मिळते.

मध्येच एखाद्याने पुन्हा ओढली, तर त्याला हसू नका. बऱ्याच जणांची दोन-तीन प्रयत्नांनंतरच सुटते. तथागतांनी दुःख सांगितले, कारण सांगितले, आणि त्यातून सुटण्याचा मार्गही सांगितला. दुःखी माणसाला शिव्या द्यायला त्यांनी सांगितले नाही.

जयभीम, नमो बुद्धाय.