परसबाग पाहण्याची की खाण्याची?

गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या गावी गेलो होतो. भाचीची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. तिची विसरलेली छत्री द्यायला म्हणून शाळेत गेलो आणि तिथली परसबाग पाहून थबकलोच. गेरू-चुन्याने रंगवलेल्या विटांचे वाफे, त्यांत माठ, पालक, वांगी, भेंडी, कडेला दोडक्याचा मांडव. प्रत्येक वाफ्याला नावाची पाटी. आणि फाटकावर सगळ्यांत मोठी पाटी : ‘भाजी तोडू नये.’ परसबाग स्पर्धेची समिती पुढच्या आठवड्यात यायची होती.

पलीकडच्या शेडमध्ये शालेय पोषण आहाराची खिचडी शिजत होती. तिच्यात हळद होती, मटकी होती, बटाट्याच्या चार फोडी होत्या. हिरवे पान मात्र एकही नव्हते. बागेपासून चुलीपर्यंतचे अंतर जेमतेम वीस पावलांचे!

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. वाफे पाहायला समिती येते, गुण देते. त्या वाफ्यातले काय पातेल्यात पडले हे विचारायला कोणी येत नाही. जे तपासले जाते तेच माणसे नीट करतात, हा सरकारी कारभाराचा जुनाच नियम आहे.

या योजनेचा प्रवास आठवून पाहावा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ती देशात सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि हळूहळू चूल शाळेत आली. २०१९ साली केंद्राने शाळाशाळांतून परसबागा करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. धान्य आले, चूल आली, वाफाही आला. राहिली ती फक्त वीस पावले.

योगायोग असा, की त्याच १९९५ साली अमेरिकेतील बर्कली येथे अ‍ॅलिस वॉटर्स या उपाहारगृह चालवणाऱ्या बाईंनी एका शाळेच्या आवारात भाजीबाग उभी केली. तिथे बागेला जोडूनच स्वयंपाकाचा वर्ग आहे. मुले पेरतात, तोडतात, चिरतात, शिजवतात आणि एका टेबलाशी बसून खातात. तो उपक्रम आपल्याकडे जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. त्यांच्याइतका पैसा आपल्या शाळांपाशी नाही. पण बाग आणि स्वयंपाकघर हा एकच धडा आहे, एवढे त्यांच्याकडून घ्यायला पैसा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, चार वाफ्यांनी काय होणार? हिशेब मांडू. प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळावी असे योजनेचे प्रमाण आहे. साठ मुलांना दिवसाला तीन किलो. एवढी भाजी रोज पुरवणे छोट्या परसबागेला शक्य नाही, हे मान्य. पण आठवड्यातून एक दिवस शक्य आहे. आणि त्या एका दिवसाचे मोल वजनात मोजायचे नसते. स्वतः लावलेला माठ ताटात आला की मूल तो निदान चाखून पाहते. हे मी माझ्या घरच्या गॅलरीतल्या कुंड्यांवरून सांगू शकतो.

आज ही ओळखच तुटत चालली आहे. शाळेच्या कुंपणालगत टाकळा आणि कुर्डू मातले होते. नातीला विचारले तर म्हणाली, ‘‘आजोबा, ते गवत आहे.’’ तिच्या पणजीने आषाढ-श्रावण त्याच गवतावर काढले होते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या. पण बियाणे टिकते ते पेरल्याने आणि खाल्ल्याने. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे आणि ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. परसबागेने हे सगळे दूर होईल असे नाही. पण वाफ्यात पालेभाजी जून व्हावी आणि मुलांनी कोरडी खिचडी खावी, याला काय म्हणावे?

शेडमधल्या बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, आम्ही दोघी, ताटं साठ. पालेभाजी निवडायची कोणी?’’ प्रश्न खरा आहे. या बायांचे मानधन केंद्राने २००९ साली महिना हजार रुपये ठरवले. राज्याने त्यात भर घातली असली, तरी कामाच्या मानाने ते तुटपुंजेच आहे. ते वाढलेच पाहिजे. आणि निवडायला मुले बसू द्यावीत, मुलींइतकीच मुलगेही. भाजी निवडणे हा परिसर अभ्यासाचा तास का होऊ नये? ताटे धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे. आणि स्पर्धेत निम्मे गुण शिजलेल्या भाजीला ठेवावेत.

दिवाळीत पुन्हा गेलो. बागेला तालुक्यात बक्षीस मिळाले होते. समिती येऊन जाईपर्यंत माठ जून झाला, तो गुरांना घातला, असे कळले. पाटी अजून तिथेच होती. ती काढू नये, फक्त तिच्यावरचा मजकूर बदलावा : ‘भाजी तोडावी. दर बुधवारी, तिसरीच्या वर्गाने.’