किचन रिनोव्हेशन करताय? बिल्ट-इन ओव्हनची जागा ठरवण्याआधी घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीला विचारा!

आमच्या डोंबिवलीच्या घरातला बिल्ट-इन ओव्हन जवळपास वर्षभर कढया ठेवायच्या कामी आला. ओव्हन बिघडला नव्हता. त्याची जागा चुकली होती, आणि ती चूक माझी होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नव्याने केलं. आईची मागणी एकच होती, नानकटाई घरी भाजता यावी. दिवाळीआधी तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत रांग लावण्यात तिची कित्येक वर्षं गेली. डिझाइन ठरवताना मी म्हणालो, ओव्हन वर घ्या, खाली धान्याच्या डब्यांसाठी तीन मोठे ड्रॉवर निघतील. ओव्हनचा तळ जमिनीपासून ४८ इंचांवर आला. माझी उंची पाच फूट नऊ इंच, त्यामुळे मला तो सोयीचा वाटला. आईची उंची पाच फूट. मधल्या कप्प्यातला ट्रे बरोबर तिच्या डोक्याच्या रेषेत येत होता. तिसऱ्या वेळी ट्रे काढताना तो कलला आणि तिचा हात भाजला. त्यानंतर तिने ओव्हन लावला नाही.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे: ओव्हनची जागा शोरूममधल्या फोटोवरून ठरवू नका. घरात तो नेहमी वापरणाऱ्यांपैकी ज्यांची उंची सर्वांत कमी आहे, त्यांच्या मापाने ठरवा.

उंची नेमकी किती हवी?

बिल्ट-इन ओव्हनचं दार बहुतेक वेळा खालच्या बाजूला उघडतं. साधी पद्धत अशी: ओव्हन वापरणाऱ्या व्यक्तीला भिंतीजवळ उभं करा, कोपरात हात काटकोनात वाकवायला सांगा आणि तिथे खडूने खूण करा. उघडलेलं दार या खुणेच्या वर जायला नको. ट्रे ज्या कप्प्यात ठेवणार तो कप्पा खांद्याच्या खाली हवा.

आईच्या कोपराची खूण ३८ इंचांवर आली. ओव्हनचा तळ ३६ इंचांवर धरला, तर साधारण २४ इंच उंचीच्या ओव्हनचा मधला कप्पा ४८ इंचांच्या आसपास येतो. म्हणजे तिच्या खांद्याच्या जरासा खाली.

'मग उंच माणसाचं काय?' हा प्रश्न घरात येतोच. उंच माणसाला दोन मिनिटं थोडं वाकावं लागेल, एवढंच. कमी उंचीच्या माणसाला मात्र २०० अंश तापलेला ट्रे खांद्याच्या वरून खाली घ्यावा लागतो. दोघांची गैरसोय सारखी नाही.

गरम ट्रे टेकवणार कुठे?

हा प्रश्न फार कमी जण आधी विचारतात. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओव्हनच्या लगत किमान १५ इंच रुंद मोकळी जागा हवी. ओव्हनचं दार येण्याजाण्याच्या वाटेत उघडत नसेल, तर समोरचा ओटाही चालतो, पण तो चार फुटांपेक्षा लांब नको.

आपल्या टू-बीएचकेमधल्या स्वयंपाकघरात इथेच घोळ होतो. टॉल युनिट दाराशेजारच्या कोपऱ्यात ढकललं जातं आणि ओव्हनचं दार थेट वाटेत उघडतं. उघडं दार दीड फुटाच्या आसपास पुढे येतं. गरम ट्रे हातात आणि मागून धावत येणारं मूल, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा आणि मग जागा ठरवा.

ओट्याखाली बसवला तर?

लहान स्वयंपाकघरात टॉल युनिट ओट्याची दोन फूट लांबी खातं. तेव्हा ओव्हन ओट्याखाली बसवणं हा रास्त पर्याय आहे. ट्रे टेकवायला ओटा लगेच वर मिळतो आणि खर्चही कमी होतो. पण ट्रे काढायला दरवेळी वाकावं लागतं. घरात गुडघ्यांचा किंवा कमरेचा त्रास असलेलं कोणी असेल तर हा पर्याय टाळा. रांगतं मूल असेल तर दाराची काच बाहेरून किती तापते, हे खरेदीआधी विचारून घ्या.

सिलिंडरचा कप्पा ओव्हनच्या शेजारी नकोच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खालच्या बाजूला साचतो. पाइप गॅस असेल तर त्याची नळी ओव्हनच्या मागून नेऊ नका. फ्रिजही अगदी चिकटून ठेवू नका, शेजारच्या उष्णतेमुळे त्याला जास्त काम करावं लागतं.

वायरिंगचं गणित

इंजिनीअरिंगची पदवी निदान इथे कामी येते. ३,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर करंट घेतो. मिक्सरसाठीचा ६ अँपिअरचा पॉइंट त्याला पुरत नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, पुरेशा जाडीची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग हवंच. एसी, गीझर आणि ओव्हन एकाच वेळी चालणार असतील, तर वीजबिलावर लिहिलेला मंजूर भार तपासा आणि वायरमनला दाखवा.

पॉइंट ओव्हनच्या थेट मागे घेऊ नका. ओव्हन सुमारे २२ इंच खोल असतो, मागे प्लगला जागा उरत नाही आणि गरज पडली तर बटण बंद करायला हातही पोहोचत नाही. पॉइंट शेजारच्या कपाटात घ्या. हे सगळं टाइल्स लागण्याआधी ठरायला हवं, नंतर भिंत फोडावी लागते. मॉडेलही तोपर्यंत निश्चित करा, कारण कपाटातल्या खाचेचं माप आणि हवा खेळण्यासाठी सोडायची जागा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

मुळात बिल्ट-इन हवाच का?

वर्षातून चार-पाच वेळाच केक किंवा नानकटाई होणार असेल, तर ओट्यावरचा साधा ओटीजी पुरतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मात्र हा ओटीजी उचलून बंद कपाटात बसवू नका. तो बाहेरून तापतो, त्याला चारही बाजूंनी मोकळी हवा लागते. 'बिल्ट-इनसारखं दिसेल' म्हणून केलेला हा जुगाड धोक्याचा आहे.

आम्ही शेवटी सुताराला पुन्हा बोलावलं. धान्याचा एक ड्रॉवर काढून त्याचं कपाट ओव्हनच्या वर केलं आणि ओव्हन एक फूट खाली आला. पॉइंट शेजारच्या कपाटात होता, म्हणून भिंत फोडावी लागली नाही. खर्च झालाच, आणि तो टाळता आला असता. डिझाइन ठरताना आईला दोन मिनिटं भिंतीजवळ उभं करायचं होतं, एवढंच.

यंदा दिवाळीआधी ती बेकरीत गेली नाही. नानकटाईचा पहिला घाणा थोडा जास्तच लाल झाला, दुसरा जमला. कढया आता खालच्या ड्रॉवरमध्ये आहेत.