रसांची नावे आणि रसाची घडण

मराठीच्या अध्यापनात रससिद्धान्त मुख्यतः एका प्रश्नापुरता उरला आहे : 'या कवितेतील रस ओळखा.' विद्यार्थी 'करुण' असे लिहितो आणि चर्चा संपते. या शिक्क्यांना कंटाळून आधुनिकतावाद्याने रसविचारच कालबाह्य ठरविला. परंपराभिमान्याने त्याच शिक्क्यांचा गौरव केला. दोघांचे भांडण मोठे, पण गफलत एकच. रस म्हणजे भावनांची यादी, हे दोघांनीही गृहीत धरले.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रसांची यादी आहे, हे खरे. परंतु रससूत्राचा भर संयोगावर आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, एवढेच ते सूत्र सांगते. स्थायीभावाचा त्यात उल्लेखही नाही. पुढील विवरणात तो येतो, हे मान्य केले तरी तेथला दृष्टान्त पाकक्रियेचा आहे. जिन्नसांची नावे वाचून कोणाची भूक भागत नाही.

सातव्या अध्यायात अश्रू या सात्त्विक भावाची कारणे दिली आहेत : आनंद, अमर्ष, भय, शोक, इतकेच नव्हे, तर धूर आणि अंजनही. म्हणजेच रंगभूमीवरचे अश्रू स्वतःहून कोणत्याच रसाचे नसतात. ते कशामुळे आले आणि त्यांच्या आगेमागे काय घडते, यावर त्यांचा अर्थ ठरतो. चिंता, औत्सुक्य, ग्लानी हे भाव विप्रलंभ शृंगारातही कसे, असा प्रश्न भरतापुढेही होता. त्याचे उत्तर मार्मिक आहे : विप्रलंभ सापेक्ष असतो, करुण निरपेक्ष. भेद अश्रूंत नाही, आशा उरली आहे की नाही यात आहे.

हा निकष 'एकच प्याला'ला लावून पाहावा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील सिंधूचे दुःख 'करुण' म्हणून नोंदविणे सोपे आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. मग सिंधूची अपेक्षा नेमकी कोठे संपते? की ती संपतच नाही? नटीने ती आशा कोठवर जिवंत ठेवावी? या प्रश्नांपासून समीक्षा सुरू होते. शिक्का मात्र ते विचारूच देत नाही.

रसविचार टाकायचा असेल तर अवश्य टाकावा. पण तो आधी वाचावा. आजवर टाकली गेली, आणि मिरवली गेली, ती केवळ त्याची अनुक्रमणिका.