आर्किटेक्ट व्हायचंय, पण कितीला?

३० एप्रिलची रात्र. एडिसनमधल्या आमच्या डायनिंग टेबलवर दोन कॉलेजांची पत्रं, कॅल्क्युलेटर आणि गार झालेला चहा. दुसऱ्या दिवशी, १ मेला, होकार कळवायची शेवटची तारीख. एक पत्र होतं एका नामांकित खासगी विद्यापीठाचं आणि दुसरं नेवार्कच्या एनजेआयटीचं, म्हणजे आमच्याच न्यू जर्सी राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं. अभ्यासक्रम दोन्हीकडे एकच, ५ वर्षांचा बी.आर्क.

खरं सांगते, माझं मन केव्हाच खासगीकडे गेलं होतं. पाडव्याच्या कार्यक्रमात त्या विद्यापीठाचं नाव घेतलं की समोरच्याच्या भुवया उंचावायच्या, "अरे वा!" यायचं. एनजेआयटी म्हटलं की "हो का? बरं झालं, जवळच आहे." या दोन वाक्यांतल्या फरकासाठी आपण किती पैसे मोजतो, याचा हिशेब तोवर मी केलाच नव्हता.

तो त्या रात्री नवऱ्याने मांडला. खासगीची फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर. राहणं-जेवण धरून ८० च्या पुढे. वर्षाला १८ हजारांची स्कॉलरशिप वजा केली तरी ६५ हजारांच्या आसपास उरत होते. गुणिले ५ म्हणजे सव्वातीन लाख डॉलर. एनजेआयटीची राज्यातल्या मुलांसाठीची फी साधारण २० हजार. घरून जाऊन-येऊन केलं तर ५ वर्षांचे १ लाख, हॉस्टेलवर राहिली तर पावणेदोन-दोन लाख. आमच्या ५२९ खात्यात जमले होते सव्वा लाख. म्हणजे खासगीसाठी २ लाखांचं कर्ज. ८ टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं तर महिन्याला २,४०० डॉलर. ओळखीच्या एका आर्किटेक्टला नव्या पदवीधराचा पगार विचारला, तो म्हणाला वर्षाला साठेक हजार. टॅक्स जाऊन महिन्याला हातात साधारण ४ हजार. त्यातले २,४०० गेले तर पोरीने राहायचं कुठे आणि खायचं काय?

कॉम्प्युटर किंवा मेडिकलचा हिशेब आपण आर्किटेक्चरला लावतो, तिथेच चुकतं. इथे शिक्षण लांब, सुरुवातीचा पगार बेताचा आणि पदवी हातात आली म्हणजे लगेच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं असंही नाही. पदवीखेरीज ३,७४० तासांच्या अनुभवाची नोंद, म्हणजे पूर्णवेळ नोकरीत जवळजवळ २ वर्षं, आणि ६ भागांची परवाना परीक्षा. त्यामुळे कॉलेज निवडताना पहिल्या वर्षाची फी बघून भागत नाही. परवाना हातात येईपर्यंतचा सगळा खर्च धरायला हवा.

इथेच आपल्या लोकांची आणखी एक गल्लत होते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने ४ वर्षांची 'बी.एस. इन आर्किटेक्चर' पदवी घेतली. घरच्यांना वाटलं, ५ ऐवजी ४ वर्षं, म्हणजे एका वर्षाची फी वाचली. शेवटच्या वर्षाला कळलं की ती परवान्यासाठीची व्यावसायिक पदवीच नव्हे. पुढे साधारण २ वर्षांचं एम.आर्क. करायला हवं. नॅब, म्हणजे नॅशनल आर्किटेक्चरल अ‍ॅक्रेडिटिंग बोर्ड, मान्यता देतं ती बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. या पदव्यांना. बऱ्याच राज्यांत परवान्याची सरळ वाट तिथूनच जाते. ४ अधिक २ हा मार्ग वाईट नाही, पण तो ६ वर्षांचा आहे हे आधी माहीत हवं.

आणि नॅब विद्यापीठांना क्रमांक देत नाही. मान्यता असते किंवा नसते. परवाना परीक्षेत खासगीवाल्यांना वेगळा पेपर नसतो.

साताऱ्याहून नानांचा, माझ्या वडिलांचा, सल्ला होताच: "इकडे पाठव. ५ वर्षांत आर्किटेक्ट होईल, आमच्या डोळ्यांसमोर राहील." नाना बांधकाम खात्यात होते, त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण तिला काम अमेरिकेत करायचं आहे. भारतातल्या पदवीचं इथे नव्याने मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात. ज्यांना परत जायचं आहे, त्यांनी मात्र नानांचं जरूर ऐकावं.

सरकारी कॉलेज सगळ्यांनाच स्वस्त पडतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची बी.आर्क.ची वर्षाची ट्यूशन ७ हजार डॉलरच्या आसपास आहे, पण ती न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना. आम्ही पडलो हडसनच्या अलीकडचे. उलट, उत्पन्न कमी असेल तर एखादं खासगी विद्यापीठ इतकी मदत देतं की तेच स्वस्त ठरतं. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो, तो अर्ज करण्याआधीच भरून बघा. कम्युनिटी कॉलेजमधून गणित, फिजिक्स, इंग्रजीचे क्रेडिट आणता येतात. पण स्टुडिओ एकेका सेमिस्टरने पुढे सरकतो, तिथे उडी मारता येईलच असं नाही. आणि मुलं एच-४ वर असतील तर लक्षात ठेवा, २१ वा वाढदिवस ५ वर्षांच्या मधेच येतो. व्हिसा तेव्हा बदलावा लागेल, आणि सरकारी शिक्षणकर्ज त्यांना मिळत नाही.

त्या रात्री लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला तिकडचा कॅम्पस खूप आवडला होता गं." मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने तिनेच नानांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, ऑफिसच्या पाटीवर तुझं नाव लागणार. कॉलेजचं कोण लिहितं?" साडेअकराला तिने एनजेआयटीला होकार कळवला.

आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. एडिसनहून ट्रेनने नेवार्क, तिथून लाइट रेल. स्टुडिओचं सबमिशन असलं की शेवटची गाडी चुकते आणि नवरा रात्री दीडला गाडी काढतो. मॉडेलचं सामान, प्रिंट, लॅपटॉप यांचा खर्च आम्ही धरलाच नव्हता, तो वेगळाच. त्या दुसऱ्या कॅम्पसचा फोटो अजून तिच्या खोलीत आहे, मी तो काढायला सांगितलेला नाही. पण परवा तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं माझ्या कानावर पडलं: "मी पास झाल्यावर एखाद्या छोट्या ऑफिसातही काम करू शकते. मला पगाराच्या मागे धावायची गरज नाही."

यंदा ज्यांच्या घरात असा हिशेब मांडायचा आहे, त्यांना एवढंच सांगेन. पदवीला नॅबची मान्यता आहे का, एकूण वर्षं किती आणि शेवटी मुलाच्या डोक्यावर कर्ज किती, हे तीन आकडे कागदावर लिहा. ते लिहून होईपर्यंत मंडळाच्या कार्यक्रमात कुठल्याच कॉलेजचं नाव सांगू नका.