बोली लागली, पारख गेली

मराठी विभागांच्या स्टाफरूममध्ये क्रिकेटविषयी बोलणे हे फावल्या वेळातले आणि किंचित लाजिरवाणे काम समजले जाते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्याला आपण वर्गात समीक्षा म्हणून शिकवतो, म्हणजे पुराव्यानिशी केलेली तुलना, दोन जवळजवळ सारख्या गोष्टींतला फरक सांगण्याची जबाबदारी आणि आपले भाकीत चुकले तर चारचौघांत ते ऐकून घेण्याची तयारी, ती वऱ्हाडात गेल्या दहा वर्षांत कुठे जिवंत राहिली असेल तर अमरावतीच्या राजकमल चौकातल्या आणि अकोल्याच्या मैदानांबाहेरच्या पानठेल्यांवर. आता तीही मरणपंथाला लागली आहे. तिला मारणारी गोष्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव. आणि आपण साहित्यवाले तिच्या मरणाकडे त्रयस्थपणे पाहू शकत नाही, कारण हाच रोग आपल्या घरात त्याआधीच शिरलेला आहे.

आधी जिवंतपणाचा पुरावा. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस इंदूरला विदर्भ पहिल्यांदा रणजी करंडकाची अंतिम लढत खेळला. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला. अशा वेळी अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेला थेट अंतिम सामन्यात प्रथमश्रेणी पदार्पण मिळाले. निर्णय योग्य की अयोग्य, यावर अकोल्यात जे वाद झाले त्यांत आकडे जवळजवळ नव्हतेच, कारण आकडे होण्याइतके तो खेळलाच नव्हता. होते ते प्रत्यक्ष पाहणे: चेंडू कोणत्या टप्प्यावर पडतो, दमल्यावर खांदा खाली येतो का, पहिल्या चौकारानंतर पुढचा चेंडू कसा टाकतो. ज्याने पाहिले तोच बोलणार, आणि ऐकीव सांगणाऱ्याला ‘तू कुठं होतास?’ असा प्रश्न हमखास पडणार. म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळा जमवल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत. वऱ्हाडात साक्षीला किंमत देण्याची परंपरा जुनी आहे, असे म्हटले तर ते अगदीच ओढूनताणून होणार नाही.

आता आजचे बोलणे पाहा. जितेश शर्मा अमरावतीचा. २०२२ साली पंजाब किंग्सने त्याला २० लाखांत घेतले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बंगळूरने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. पंचावन्न पट. या दोन तारखांच्या दरम्यान तो पंचावन्न पट चांगला खेळाडू झाला, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याविषयीचे प्रत्येक वाक्य ‘अकरा कोटीचा पोट्टा’ असेच सुरू होऊ लागले. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांच्या पाठलागात त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, तेव्हाही ‘पैसे वसूल झाले’ हीच सर्वात उत्साही प्रतिक्रिया होती. कोणाचे पैसे? राजकमल चौकातल्या कोणाचा त्यात एक रुपया नव्हता. फ्रँचायझीच्या हिशेबनिसाची भाषा प्रेक्षकाने आपली म्हणून उचलली. त्या डावात कोणत्या गोलंदाजाला कुठे मारले आणि का, हे सांगायला मात्र फारसे कोणी उरले नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा: लिलावात अनुभवी प्रशिक्षक, विश्लेषक आणि स्वतःचे पैसे लावणारे मालक बसलेले असतात, तेव्हा त्यांनी लावलेली किंमत हीच सर्वांत गंभीर समीक्षा नव्हे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तो चुकीचा आहे. किंमत खेळाडूविषयी फार थोडे सांगते. ती घेणाऱ्याविषयी सांगते. दिनेश कार्तिक २०२४ मध्ये निवृत्त झाला, बंगळूरला शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणारा यष्टिरक्षक हवा होता, त्यांच्याकडे त्या क्षणी पैसे शिल्लक होते आणि समोर तसाच हट्ट धरलेला दुसरा संघ होता. या गोष्टी बदला, आकडा बदलेल. जितेशचे मनगट तेच राहील. अथर्व तायडेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अकोल्याचा हा डावखुरा सलामीवीर २०२२ मध्ये २० लाखांना गेला, २०२५ च्या हंगामासाठी ३० लाखांना. ‘भाव वाढला’ असे म्हणणारे भेटतात. प्रत्यक्षात भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंची तळाची रक्कमच २० वरून ३० लाख झाली होती. तो दोन्ही वेळा तळालाच विकला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकाच्या लढतीत, नागपुरात, त्याने शेष भारताविरुद्ध १४३ धावा काढल्या. लिलावाच्या भाषेत या डावाचे वर्णन करायला शब्दच नाही.

आणि यश राठोड? २०२४-२५ च्या रणजी हंगामात देशात सर्वाधिक, ९६० धावा. २०२५ च्या आयपीएलमध्ये तो कोणत्याच संघात नव्हता. त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामाचा विक्रम केला. तो आयपीएलमध्ये पोहोचला तो हंगामाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या कोणाच्या दुखापतीमुळे, बदली म्हणून. किंमत हीच पारख मानणाऱ्यांनी या दोघांविषयी काय बोलावे? ते बोलतच नाहीत. माझा खरा आक्षेप या मौनावर आहे. चुकीचे मत खोडता येते. ज्याला आकडा चिकटलेला नाही त्याच्याविषयी मतच नसणे, हे खोडायचे कसे?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १९६५ पासून नवोदितांची निवड ‘ड्राफ्ट’ने होते. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्यांना आधी निवडीचा हक्क, हे त्याचे मूळ तत्त्व. त्या पद्धतीचेही दोष आहेत. कोवळ्या मुलाला आपण कुठे खेळावे याचा अधिकार राहत नाही, हा त्यातला मोठा. पण तिथे निवड ही उघड तुलना असते: याच्या आधी तो. म्हणून चूकही उघडी राहते. माइक पियाझाला १९८८ मध्ये तब्बल बासष्टाव्या फेरीत, तेही कौटुंबिक ओळखीखातर, घेतले गेले; २०१६ मध्ये तो त्या खेळाच्या सन्मानदालनात दाखल झाला. त्याच्याआधी कोणाकोणाला निवडले, ही यादी आजही कोणीही वाचावी. आपल्याकडे २००८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातली मुले अशाच क्रमनिवडीने वाटली गेली. पहिली संधी दिल्लीची होती; त्यांनी प्रदीप सांगवान हा गोलंदाज घेतला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरला गेला. हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. सेहवाग, गंभीर, धवन असताना आणखी फलंदाज कशाला, हा विचार आजही मांडता येतो, खोडता येतो. लिलावातल्या २० लाखांशी असा वाद घालता येत नाही.

पानठेल्यावरची जुनी चर्चा निर्दोष होती असे मात्र मी म्हणणार नाही. ‘आपला पोट्टा’ हा तिचा जुना आजार. अकोला-अमरावतीचा मुलगा वगळला की नागपूरवर खापर, आणि बाहेरून आलेला खेळाडू म्हणजे कोणाची तरी जागा खाणारा. यातली पहिली तक्रार अगदी पोकळ नाही. संघटना, जामठ्याचे मैदान, निवडीची सारी सूत्रे नागपुरात, आणि अमरावतीहून दीडशे, अकोल्याहून अडीचशे किलोमीटरचा हा रस्ता तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बापाला परवडावा लागतो. दुसरी तक्रार मात्र टिकत नाही. वसीम जाफरच्या २०१८-१९ मधल्या १,०३७ धावा आणि करुण नायरच्या २०२४-२५ मधल्या ८६३ धावा वजा करून ते करंडक कोणी जिंकून दाखवावेत. २०२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाचा आदित्य सरवटे केरळकडून विदर्भाविरुद्ध गोलंदाजी करत होता. पुढे करुण नायर कर्नाटकात परतला, जितेश बडोद्याला गेला. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंचे नाव होळकर संघाशी जोडले गेले, आणि विदर्भाने पहिला करंडक जिंकला तो इंदूरच्या होळकर मैदानावर. जन्मगावाच्या दाखल्यावर आपलेपण ठरवायचे तर हा सगळा इतिहास फाडून टाकावा लागेल. निदान ‘आपला पोट्टा’ म्हणणाऱ्याने तो पोट्टा खेळताना पाहिलेला असे, एवढे त्या जुन्या पक्षपाताच्या बाजूने म्हणता येईल.

आता आपल्याकडे वळू. कादंबरीवर उत्तर लिहिणारा विद्यार्थी पहिल्या ओळीत काय लिहितो? ‘अमुक पुरस्कारप्राप्त’. त्याला हे कोणी शिकवले? आपणच. अभ्यासमंडळात एखाद्या पुस्तकाचे नाव सुचवले की पहिला प्रश्न पुरस्काराचा येतो, आणि पुस्तक वाचलेल्या माणसाचे मत त्यानंतर, वेळ उरलाच तर. नेमाड्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार १९९० मध्ये मिळाला तो ‘टीकास्वयंवर’ला. ‘कोसला’ १९६३ ची. सत्तावीस वर्षे ती कोणत्या शिक्क्यावर वाचली गेली? एकाने दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्याने भांडून परत केली, म्हणून. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, आपल्याच भागातली, आपल्याच बोलीतली. बोली या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि ‘धग’ शिकवताना आपण त्यातल्या कोणत्या अर्थाने बोलतो, हे एकदा प्रामाणिकपणे तपासावे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एम.ए.च्या समीक्षेच्या तासाला विद्यार्थ्यांना दोन पाने लिहायला सांगावीत: यश राठोड की दानिश मालेवार? २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यातले मालेवारचे १५३ आणि त्याच वर्षीच्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यातले राठोडचे १९४ समोर ठेवून. दोन अटी: लिलावाचा उल्लेख नको, आणि जो डाव स्वतः पाहिला नाही त्याचा आधार नको. दुसऱ्या अटीवर निम्मा वर्ग कुरकुर करील. त्यांना चित्रफीत दाखवावी, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दोन अटींवर दोन कविता द्याव्यात.